आवडत्या माणसाचे गुन्हे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळपासून झड लागली होती, त्यामुळे मधल्या सुट्टीत मुले मैदानावर न जाता वऱ्हांड्यातच डबे उघडून बसली होती. नववीच्या दोन मुलांत चांगलीच जुंपली होती. क्रिकेटवरून असेल, नाहीतर कोणी कोणाच्या डब्यातले लोणचे पळवले असेल, असे समजून मी मध्ये पडलो. पाहतो तो वाद एका जपानी माणसावरून, आणि तो माणूसही हाडामांसाचा नव्हे, चित्रातला!

आमचे सुलतानपूर बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात आहे. लोणारचे सरोवर पाहावयाला दूरदूरचे लोक येतात, पण आमच्या गावात उतरण्याचे त्यांना काही कारण पडत नाही. पूर्वी जग आमच्याकडे फारसे येत नसे. आता ते मुलांच्या हातातल्या मोबाइलवर येऊन बसले आहे. जपानात ज्या चालत्याबोलत्या चित्रकथा निघतात त्यांना ही मुले ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात. त्यांतली ‘नारुतो’ नावाची एक कथा मासाशी किशिमोतो या चित्रकाराने १९९९ पासून २०१४ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे, एका साप्ताहिकातून क्रमशः काढली, आणि तिच्यावरूनच हे अ‍ॅनिमे निघाले. तीत इटाची नावाचा एक तरुण आहे. वयाच्या तेराव्या वर्षी, एका रात्रीत, तो आपल्या सबंध कुळाची कत्तल करतो. आईबापांनाही सोडत नाही. धाकट्या भावाला तेवढे जिवंत ठेवतो. पुष्कळ पुढे, तो मेल्यानंतर, उलगडा होतो की ते कुळ गावाविरुद्ध बंड करणार होते. यादवी टळावी म्हणून गावच्या कारभाऱ्यांनीच त्याच्याकडून हे काम करवून घेतले, आणि त्याने खुनी हे नाव मरेपर्यंत मुकाट्याने सोसले.

एक मुलगा म्हणत होता, “तो देवमाणूस आहे.” दुसरा म्हणत होता, “मायबापाले मारणारा देवमाणूस कसा?” दोघांनी मला पंच केले. “सर, तुम्हीच सांगा, तो चांगला की वाईट?”

मी म्हणालो, “घंटा झाली, वर्गात चला.”

घंटा झाली नव्हती.

त्या दिवशी टाळलेले उत्तर येथे देऊन पाहावे, असा माझा विचार आहे. साहित्यशास्त्र मी शिकलेलो नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. मी मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, एवढाच माझा अधिकार. परंतु हा प्रश्न पंडितांचा नाहीच मुळी. नाटक पाहून, चित्रपट पाहून किंवा पुस्तक वाचून घरी येणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे. आपण सारेच फावल्या वेळचे न्यायाधीश असतो.

माझ्या लहानपणी न्याय झटपट होत असे. गणपतीत गावात वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणत. एका रात्रीत तीन-तीन चित्रपट चालत. मधेच वीज जाई, मग लोक तेथेच कलंडत आणि ती परत आली की डोळे चोळीत उठून बसत. माझी आत्याबाई या समुदायात पुढे बसे. पडद्यावर निळू फुले दिसले, त्यांनी मान जराशी तिरकी करून एखाद्या गरीब बाईकडे पाहिले की आत्याबाई बसल्या जागी बोटे मोडी. तिला कोणी सांगितले असते की हा गृहस्थ राष्ट्र सेवा दलात वाढलेला आहे, पुण्यात माळीकाम करून याने पोट भरले आहे, आणि मिळालेले नाव समाजाच्या कामी लावतो, तर तिने सांगणाराचीच अक्कल काढली असती. ‘एक गाव बारा भानगडी’ या १९६८ सालच्या चित्रपटापासून पुढे कितीतरी वर्षे या गुणी नटाने खेड्यापाड्यांतल्या बायकांचे शिव्याशाप खाल्ले. ती त्याच्या अभिनयाला मिळालेली पावतीच होती.

आत्याबाईच्या भाबडेपणाला आपण हसतो. तिने नट आणि पात्र एक केले, हे चुकलेच. पण एक गोष्ट तिच्या बाजूने सांगावीशी वाटते. पडद्यावर ज्या बाईचा हात धरला जात होता, त्या बाईवरून तिची नजर कधी हलली नाही. पाटलाचे संवाद किती झोकदार आहेत, त्याची टोपी कशी कलती आहे, याचे तिला कौतुक नव्हते. आम्ही पोरे मात्र दुसऱ्या दिवशी त्या पाटलाच्याच नकला करीत फिरत होतो.

त्याच व्हीसीआरवर मी ‘पिंजरा’ पाहिला. व्ही. शांताराम यांचा हा १९७२ सालचा चित्रपट वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. तमाशाच्या फडाला गावात पाय ठेवू न देणारे आदर्श मास्तर त्याच फडातल्या नर्तकीच्या मोहात पडतात. पुढे एका प्रेताच्या अंगावर मास्तरांचे कपडे चढतात. मास्तर मेले असे गाव समजते आणि त्यांचा पुतळा उभारते. इकडे जिवंत मास्तर तमाशाच्या फडाबरोबर नामुष्कीचे दिवस काढीत हिंडत असतात. अखेर त्यांना पकडले जाते ते मास्तरांचा खून केल्याच्या आरोपाखाली! स्वतःच्याच खुनाचा आरोप ते नाकारीत नाहीत, कारण नाकारला तर पुतळा कोसळेल.

लहानपणी मला त्यातली गाणी आवडली. पुढे स्वतः मास्तर झालो तेव्हा हा चित्रपट मला झोपू देईना. डॉ. लागूंचा तो चेहरा पाहून वाटे, या गावाने दोन मास्तर केले. एक निष्कलंक, त्याला हार घातले. दुसरा कलंकित, त्याला फासाकडे धाडले. दोघे मिळून एकच माणूस आहे, हे मात्र त्याला ओळखता आले नाही. माणूस आवडला की त्याचा पुतळा करावयाचा, आणि आवडेनासा झाला की फास आवळावयाचा, या दोन्ही गोष्टी दिसावयाला उलट्या, पण दोन्हींत सोय एकच आहे. पुतळ्याचे दोष पाहावे लागत नाहीत आणि फाशीच्या कैद्याचे गुण पाहावे लागत नाहीत.

नववीतली ती दोन मुले नेमके हेच करीत होती. एक हार घेऊन उभा होता, दुसरा दोर.

आता कोणी म्हणेल, जपानी पोरखेळाची ही चर्चा दिवाळी अंकात कशाला? तर वाचकहो, आपल्याकडचा सर्वांत मोठा ‘आवडता अपराधी’ कोण हे आठवून पाहा. माझ्या मते त्याचे नाव कर्ण. १९६७ साली मराठीत दोन पुस्तके निघाली. एक शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि दुसरे इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच महाभारतावर. ‘मृत्युंजय’ने घराघरांत कर्णाचे भक्त निर्माण केले. मीही त्यांतलाच. दहावीच्या सुट्टीत ती कादंबरी वाचताना मी रडलो होतो, आणि त्या रडण्याची मला आजही लाज वाटत नाही. सूतपुत्र म्हणून पदोपदी अपमान झालेला तो दाता पाहून ज्याचे मन हलत नाही, त्याने कादंबऱ्या वाचू नयेत.

पण महाभारतात द्यूतसभेचा प्रसंग आहे. द्रौपदीला फरफटत सभेत आणली तेव्हा तिला पाच नवरे आहेत एवढ्यावरून कर्णाने तिला कुलटा ठरवले, आणि तिची वस्त्रे उतरव असे दुःशासनाला सांगणाराही तोच. कर्णभक्तांपुढे हा विषय काढून पाहा. कोणी म्हणतो, मागून घातलेला मजकूर असेल. कोणी म्हणतो, स्वयंवरात तिने आधी अपमान केला होता. कोणी म्हणतो, मित्राच्या ऋणापायी बोलला. मीही ही तिन्ही उत्तरे एकेकाळी हिरिरीने दिली आहेत. ती देताना आपण कर्णाची वकिली करीत आहोत एवढेच मला दिसत होते. सभेत उभ्या असलेल्या बाईकडे आपली पाठ झाली आहे, हे दिसत नव्हते.

असे का होते? याचे एक कारण मला कादंबरीच्या बांधणीतच सापडले. ‘मृत्युंजय’मध्ये पात्रे आपापली हकीकत स्वतः सांगतात. कर्ण सांगतो, कुंती सांगते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण सांगतात. या सांगणाऱ्यांत द्रौपदी नाही. सावंतांचा हा दोष नव्हे. कर्णाची कथा लिहावयाला बसलेल्या लेखकाने कोणाला बोलते करावे हा त्याचा अधिकार आहे. परंतु वाचकाने हे ओळखले पाहिजे की आपण ज्याच्या तोंडून कथा ऐकतो, त्याच्या बाजूला आपण नकळत सरकून बसतो. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीवर वेगळे प्रकरण लिहिले आणि कर्णावरही लिहिले. कर्णाला त्यांनी ओवाळले नाही, तराजूत घातले. म्हणून कर्णभक्ताला ते पुस्तक जड जाते. मला फार जड गेले. दोन वेळा मिटून ठेवले होते.

पडद्यावरही हाच नियम चालतो. ‘डेथ नोट’ नावाची आणखी एक जपानी चित्रकथा २००३ ते २००६ या काळात निघाली. एका हुशार विद्यार्थ्याला एक वही सापडते. तीत ज्याचे नाव लिहावे तो मरतो. मुलगा आधी गुन्हेगारांची नावे लिहितो, पुढे त्याच्या मागावर असलेल्या पोलिसांचीही लिहू लागतो. माझे विद्यार्थी म्हणतात, “सर, तो गुंडाइलेच मारते.” पोलीस त्यांच्या हिशेबातून गळून गेले! सारी कथा त्या मुलाच्या खांद्यावरून पाहावयाची असल्यामुळे तो पकडला जाऊ नये असे पाहणाऱ्यालाही वाटू लागते. चांगल्या कथेची ही ताकद आहे, आणि धोकाही तिच्यातच आहे.

येथपर्यंत मी दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल.

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी निघाली. तिच्यातला नायक हा जवळजवळ माझा बाप. दिलदार, गोड गळ्याचा, भजनात रंगणारा, दारात आलेल्याला कधी रिकाम्या हाताने न पाठवणारा. आणि पत्त्यांच्या नादी लागलेला. बाजाराच्या दिवशी तो पत्त्यांवर बसला की रात्री कधी येईल याचा नेम नसे. कादंबरीत मी हा दोष लपवला नाही. पण तो असा रंगवला की वाचणाराला त्याची मौज वाटावी. हरल्यावर तो चांदण्यात गात घरी येतो, असे एक प्रकरण आहे. वाचकांची पत्रे आली ती सगळी त्या प्रकरणाविषयी. ‘असा बाप मिळावयाला भाग्य लागते’ असेही एकाने लिहिले. मी ती पत्रे जपून ठेवली.

त्या वर्षी भाऊबीजेला माझी थोरली बहीण आली. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण अडखळत का होईना पुस्तक तिने पुरे वाचले होते. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, “पुस्तक चांगलं झालं. पण तू बापाले लय गोड केलं. मायच्या पाटल्या कुठं गेल्या, ते तं लिहिलंच नाही.”

मी गप्प राहिलो. त्या पाटल्या गहाण पडल्या आणि पुन्हा सुटल्या नाहीत, हे आम्हा दोघांना ठाऊक होते. बाप चांदण्यात गात येत असे हे खरेच होते. आई त्या वेळी चुलीपाशी जागी असे, हेही तितकेच खरे होते. मी पुस्तक उघडून पाहिले. दोनशेवर पानांत आईला मी बोलू दिलेली वाक्ये मोजून नऊ होती, आणि त्यांतली चार ‘जेवायला वाढू का?’ अशा अर्थाची.

परीक्षकांना न दिसलेला दोष चौथी शिकलेल्या बहिणीने दाखवला. कर्णभक्त जे द्रौपदीशी करतात तेच मी माझ्या आईशी केले होते. बापावर माझे प्रेम होते, म्हणून त्याचा अपराध मी गाण्यात बुडवला. आणि गंमत अशी की त्यामुळे बापही खोटाच झाला. पाटल्या गहाण टाकून आलेल्या रात्री तो गात नसे. मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून पडे. ते मी लिहिले असते तर वाचकांना कदाचित तो कमी आवडला असता, पण जास्त कळला असता.

मग काय, सदोष माणसावर प्रेमच करू नये? असे मी म्हणणार नाही. आपल्या थोर लेखकांनी तसे म्हटलेले नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ पाहा. १९१९ साली ते रंगभूमीवर आले तेव्हा गडकरी हयात नव्हते. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील आहे, मानी आहे, आणि दारूपायी सर्वस्व घालवतो. त्याची कीव येते, त्याच्याविषयी जीव तुटतो. पण नाटककार आपल्याला सिंधूवरून डोळे काढू देत नाही. तिचे दळण, तिचे मूल, तिचा संसार डोळ्यांसमोर मोडत राहतो. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’विषयी १९७२ साली केवढे वादळ उठले! परीक्षण मंडळाने अडवले, प्रकरण कोर्टात गेले. ज्यांना सखारामची किळस आली त्यांनी नाटकच नको म्हटले. पण त्या नाटकातल्या लक्ष्मी आणि चंपा या दोन्ही बायका स्वतःच्या तोंडाने बोलतात. सखाराम माणूस म्हणून कळतो, आणि त्याने काय केले तेही कळते. पहिल्या प्रयोगांत तो रंगवला होता निळू फुल्यांनीच. आत्याबाईने ते नाटक पाहिले असते तर बोटे मोडता मोडता ती क्षणभर थांबली असती, असे मला वाटते.

लेखकाने जागा दिली तरी प्रेक्षक ती पाहीलच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये, १९६२ पासून, फसवल्या गेलेल्या बायका कोर्टात उभ्या राहत आल्या आहेत. प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर वेषांतरे करून लखोबा लोखंडे असा काही उभा केला की प्रेक्षागृह हसून बेजार व्हावे. निपाणीचा तो तंबाखूवाला आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. त्याने फसवलेल्या बायकांतल्या एकीचे तरी नाव आपल्याला चटकन आठवते का? लेखकाने साक्षीदार आणले. आपण आरोपीच्या बोलण्यावर खूश होऊन घरी गेलो.

तेव्हा त्या दोन मुलांना मी जे सांगावयाला हवे होते ते असे. ‘चांगला की वाईट’ या प्रश्नाला हार किंवा दोर याखेरीज उत्तर नाही, म्हणून तो प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी विचारा, ही कथा कोण सांगतो आहे? मग विचारा, ज्याचे नुकसान झाले तो कोठे आहे, आणि त्याला कोणी बोलू दिले का? आणि शेवटी, ज्याने केले त्याला आपण काय केले ते कळले का? महाभारतातला कर्ण या शेवटच्या कसोटीला उतरतो. युद्धापूर्वी कृष्णाशी बोलताना, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कटू बोललो आणि त्याचा आज आपल्याला ताप होतो, असे तो कबूल करतो. व्यासांचा कर्ण आपल्या कटू शब्दांचा भार स्वतः उचलतो. आपण त्याचे भक्त तो त्याच्या खांद्यावरून उतरवू पाहतो. यात कर्णाचा मान वाढतो की कमी होतो?

दोन दिवसांनी मी नववीला निबंध दिला. त्या रात्री इटाचीच्या गल्लीत राहणाऱ्या एखाद्या माणसाने आपली हकीकत सांगावी. ज्यांना ती कथा ठाऊक नव्हती त्यांनी आपल्या आवडीची दुसरी घ्यावी. ‘देवमाणूस’ म्हणणाऱ्या मुलाने एका म्हातारीवर लिहिले. ती दुसऱ्या दिवशी नातवाला नवे कपडे घेणार होती. शेवटी त्याने लिहिले होते की मला इटाची अजून आवडतो, पण ही म्हातारी मला आधी माहीत नव्हती. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी एकही दाखवली नाही.

दिवाळीच्या दिवसांत हे सारे आठवावे याला आणखी एक कारण आहे. आपल्या या सणात दोन असुर येतात. नरक चतुर्दशीला महाराष्ट्रात अनेक घरांत कारीट पायाखाली चिरडून नरकासुराला शिक्षा करतात. दोनच दिवसांनी, पाडव्याला, आयाबाया बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळतात. दोघेही असुर. देवाने दोघांचाही पाडाव केला. मग एकाला पायाखाली आणि दुसऱ्याला पाटावर का? नरकासुराने सोळा हजार बायका कोंडून ठेवल्या होत्या, हे आपल्या घरांतल्या बायकांनी ध्यानात ठेवले. बळीवर असा काही आरोप नव्हता, हेही ठेवले. जात कोणती, जिंकले कोण, याला त्यांनी महत्त्व दिले नाही. कोणाचे काय गेले, एवढेच पाहिले. आपल्या सणात हा न्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

मी सध्या एक नवी कादंबरी लिहितो आहे. घर तेच आहे, बापही तोच आहे, आणि अजून तो मला आवडतो. पण या वेळी सांगते आई. पहिले प्रकरण पाटल्यांचे आहे. यंदा भाऊबीजेला अक्का येईल तेव्हा ओवाळणीच्या पैशांखाली ती वही ठेवणार आहे. ती काय म्हणेल याची मला धाकधूक आहे. मागच्या खेपेला सगळी पत्रे स्तुतीची आली होती. या खेपेला तिचे एकटीचे आले तरी पुरे.